देवाला पहिली जागा: ख्रिस्ती माणूस निर्णय कसा घेतो?

समजा, वसईजवळच्या एका गावात एक परिचारिका राहते. आखाती देशातल्या रुग्णालयातून तिला नोकरीचं पत्र आलं आहे. पगार इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. घराचं कर्ज आणि मुलांचं शिक्षण, दोन्ही ओझी काही वर्षांत उतरतील. पण सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत आणि धाकटा मुलगा अजून पहिलीत आहे. देव प्रथम, बाकी सगळं नंतर, हे फादरांनी रविवारच्या मिस्सेत सांगितलेलं तिला मनापासून पटतं. घरी आल्यावर मात्र प्रश्न जिथल्या तिथे असतो. देवाला प्रथम ठेवायचं म्हणजे जायचं की राहायचं?

इथे दहा आज्ञा मदतीला येत नाहीत. चोरी करावी का, खोटी साक्ष द्यावी का, यांची उत्तरं तिथे स्वच्छ मिळतात. या घरात मात्र दोन्ही पारड्यांत चांगल्याच गोष्टी आहेत. डोंगरावरच्या प्रवचनात येशू शिष्यांना अन्नवस्त्राच्या चिंतेआधी देवाचं राज्य शोधायला सांगतो. पण त्या राज्याची वाट विमानतळाकडे जाते की सासूबाईंच्या खाटेकडे, हे तिथे लिहिलेलं नाही.

ही अडचण ख्रिस्ती माणसांना नवी नाही. तिच्यावर संतांनी, व्यापाऱ्यांनी, खेळाडूंनी आणि साध्या संसारी माणसांनी शतकानुशतकं विचार केला आहे. त्यातून काही रीती तयार झाल्या. त्या शिकता येतात, शिकवता येतात, आणि त्यांचा बहुतेक भाग निर्णयाची वेळ येण्याआधीच पार पाडायचा असतो.

खेचरावर सोडलेला निवाडा

सगळ्यात सोपा वाटणारा मार्ग म्हणजे खूण मागणं. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि जिथे बोट पडेल ते वचन उत्तर मानायचं, किंवा दोन चिठ्ठ्या टाकून एक उचलायची. श्रद्धाळू घरांत हे अधूनमधून होतं. त्यामागची भावना प्रामाणिक असते: माझं डोकं बाजूला राहू दे, देवालाच ठरवू दे.

या मार्गाचा धोका १५२२ सालच्या एका प्रसंगात दिसतो. स्पेनमधला एक सरदारपुत्र, इग्नेशियस लोयोला, नुकताच देवाकडे वळला होता आणि खेचरावर बसून माँतसेर्रातच्या तीर्थाला निघाला होता. वाटेत एका मुस्लिम प्रवाशाशी त्याचा मरीयेच्या कौमार्यावरून वाद झाला. तो प्रवासी पुढे निघून गेल्यावर इग्नेशियसला वाटू लागलं की मरीयेचा अपमान झाला आणि त्या माणसाला गाठून खंजीर मारणं हे आपलं कर्तव्य आहे. मारावं की सोडावं, काही ठरेना. शेवटी त्याने लगाम सैल सोडला. खेचर त्या माणसाच्या गावाकडे वळलं तर मारायचं, हमरस्त्याने गेलं तर सोडून द्यायचं. खेचर हमरस्त्याने गेलं.

पुढे इग्नेशियसने हा प्रसंग आपल्या सहकाऱ्याला स्वतः सांगितला, म्हणून तो आजही वाचायला मिळतो. एका माणसाचा जीव जनावराच्या पावलांवर टांगला गेला, कारण भक्ती होती पण विवेक नव्हता. हाच माणूस नंतर ख्रिस्ती निर्णयप्रक्रियेचा सर्वांत मोठा शिक्षक झाला, आणि त्याच्या शिकवणीत अशा खुणांना जागा उरली नाही.

बायबलमध्येही असाच प्रवास दिसतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून होते. त्यानंतर पवित्र आत्मा शिष्यांवर उतरतो, आणि पुढच्या नव्या करारात चिठ्ठ्या टाकून निर्णय घेतल्याचा प्रसंग पुन्हा येत नाही. पंधराव्या अध्यायात यरुशलेममध्ये मोठा पेच उभा राहतो: यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर मोशेचं नियमशास्त्र लादायचं का? तेव्हा लोक एकत्र बसतात, वाद घालतात, अनुभव ऐकतात, शास्त्र तपासतात आणि मग ठरवतात. आपला हा निर्णय पवित्र आत्म्याचाही आहे, अशी त्यांची श्रद्धा असते. म्हणजे देवाला प्रथम ठेवायचं तर डोकं बाजूला ठेवावं लागतं, हे गृहीत त्या पहिल्या मंडळीलाही मान्य नव्हतं.

मागे काय उरतं?

खेचराच्या प्रसंगाच्या आदल्या वर्षी, २० मे १५२१ रोजी, पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने इग्नेशियसचा पाय मोडला होता. लोयोलाच्या गढीत तो अनेक महिने पडून राहिला. वेळ घालवायला त्याने शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या, पण घरात दोनच पुस्तकं होती: ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा. तीच वाचत, मधूनमधून दिवास्वप्नं बघत दिवस जात होते.

कधी तो एका थोर घराण्यातल्या स्त्रीसाठी पराक्रम गाजवत असे, तर कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांच्यासारखं जगत असे. दोन्ही स्वप्नं रंगलेली असताना सारखीच गोड लागत. फरक नंतर जाणवे. पराक्रमाचं स्वप्न विरलं की मन कोरडं आणि असमाधानी होई. संतांसारखं जगण्याचा विचार मात्र सरल्यावरही मन प्रसन्न ठेवून जाई.

हे निरीक्षण साधं आहे, पण त्यावर इग्नेशियसची पुढची सगळी शिकवण उभी राहिली. एखाद्या पर्यायाचा विचार करताना काय वाटतं, यापेक्षा तो विचार संपल्यावर मागे काय उरतं, याकडे त्याने लक्ष वेधलं. शांती, विश्वास, इतरांविषयी माया आणि प्रार्थनेची ओढ वाढवणाऱ्या मनःस्थितीला त्याने सांत्वन म्हटलं. अस्वस्थता, कोरडेपणा, देवापासून आणि माणसांपासून तुटल्यासारखं वाटणं, ही उलट अवस्था. तिच्यासाठी त्याने एक नियम घालून दिला: मन असं काळवंडलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. शांत असताना जे ठरवलं होतं त्याला धरून राहायचं आणि प्रार्थना थोडी वाढवायची. भांडणानंतर रात्री अकरा वाजता राजीनामा लिहिणाऱ्या कुणालाही या नियमाची किंमत कळेल.

आधी तराजू पारखायचा

पण मन आधीच एका बाजूला झुकलेलं असेल, तर मागे उरलेल्या समाधानावर तरी विश्वास कसा ठेवायचा?

जुन्या वाणसामानाच्या दुकानात जाणतं गिऱ्हाईक माल घालण्याआधी रिकामा तराजू बघत असे. दोन्ही पारडी समपातळीत नसतील तर दुकानदाराला पासंग घालून ती सारखी करावी लागत. त्याशिवाय पुढचं सगळं वजन खोटं ठरे. इग्नेशियसने आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात हाच दाखला दिला आहे. १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिलेला हा ग्रंथ सांगतो, की निवड करणाऱ्याने आधी तराजूच्या मधल्या काट्यासारखं सरळ उभं राहावं. आरोग्य की आजार, श्रीमंती की गरिबी, दीर्घ आयुष्य की अल्प, यांतलं काहीही आधीपासून चिकटून धरू नये. ज्याने देवाची सेवा अधिक होईल, त्याकडे झुकायला मोकळं राहावं.

देवाला पहिली जागा देण्याचं खरं काम इथे होतं. या मोकळेपणाचा अर्थ बेफिकिरी असा नाही. त्या परिचारिकेला मुलाची माया वाटू नये किंवा पैशाची गरज नाकारावी, असं तिला कुणी सांगत नाही. तिने प्रार्थनेत एवढंच तपासायचं असतं: ‘गेलंच पाहिजे’ असं आतून कोण म्हणतंय? शेजारणीचं नवं घर, की मुलांचं भवितव्य? ‘जाऊच नये’ असं म्हणणारी सासूबाईंची माया आहे, की अनोळखी देशाची भीती? ही गुप्त वजनं ओळखून बाजूला काढायला कधी एक संध्याकाळ पुरते, कधी महिने लागतात.

असा मोकळेपणा अंगी मुरला की मोठे निर्णयही झटपट होतात. मार्च १५४० मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या विनंतीवरून भारतात पाठवायचा, इग्नेशियसच्या जेझुइट संघातला माणूस आयत्या वेळी आजारी पडला. इग्नेशियसने फ्रान्सिस झेव्हियरला विचारलं, आणि जेमतेम एका दिवसाच्या तयारीवर झेव्हियर रोमहून निघाला. ६ मे १५४२ रोजी तो गोव्यात उतरला.

परक्याला काय सांगाल?

तराजू सरळ झाला की विचाराची पाळी येते. ज्याला आतून स्पष्ट ओढ जाणवत नाही, त्याच्यासाठी इग्नेशियसने बुद्धीचे मार्ग दिले आहेत. पहिला परिचयाचा आहे. जाण्याचे फायदे आणि तोटे, राहण्याचे फायदे आणि तोटे, असे चार रकाने करायचे. मात्र फायदा कशाचा मोजायचा हे आधी ठरलेलं असतं: देवाच्या सेवेचा आणि आत्म्याच्या कल्याणाचा. त्यामुळे ‘पगार तिप्पट’ ही नोंद एकटी उभी राहू शकत नाही. त्या पैशाने कुणाचं काय भलं होणार, हे पुढे लिहावंच लागतं.

दुसरा मार्ग कल्पनेचा आहे. ज्याला कधी पाहिलं नाही असा माणूस हाच पेच घेऊन आला, त्याचं भलं व्हावं असंच मनापासून वाटतं, तर त्याला काय सल्ला द्याल? तोच सल्ला स्वतः पाळायचा. तिसरा त्याहून गंभीर: मरणाच्या दारात असताना आज कसं ठरवलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटेल?

परक्याला सल्ला देण्याच्या या युक्तीला आधुनिक मानसशास्त्राचाही दुजोरा मिळाला आहे. इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रयोग करून दाखवलं, की जोडीदाराने विश्वासघात केला तर काय करावं, यावर लोक मित्राच्या बाबतीत जास्त शहाणपणाने विचार करतात, स्वतःच्या बाबतीत कमी. स्वतःकडे जरा अंतरावरून बघायला सांगितलं की ही तफावत जवळपास नाहीशी होते. इतरांना न्याय देणारा पण स्वतःच्या घरात चुकणारा शलमोन राजा डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी या विसंगतीला ‘शलमोनाचा विरोधाभास’ म्हटलं.

इग्नेशियसने हीच कसोटी दानधर्मालाही लावली होती, विशेषतः पैसे नातेवाइकाला द्यायचे असतील तेव्हा. भाच्याच्या धंद्याला मदत करताना त्याची गरज बोलते आहे की आपलं रक्त, हे ओळखायला परक्याची नजर उपयोगी पडते.

आधीच ठरवून ठेवलेल्या गोष्टी

प्रत्येक प्रसंगी एवढा विचार करत बसलं तर जगणं अशक्य होईल. म्हणून काही गोष्टी मन शांत असतानाच कायमच्या ठरवल्या जातात.

स्कॉटलंडचा धावपटू एरिक लिडेल याची गोष्ट सिनेमामुळे जगभर पोहोचली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी, ६ जुलैला होत्या. प्रभूचा दिवस म्हणून लिडेल रविवारी धावत नसे. सिनेमात त्याला ही बातमी बोटीवर चढताना कळते आणि तिथून कोंडी सुरू होते. प्रत्यक्षात वेळापत्रक काही महिने आधीच कळलं होतं. त्याने १०० मीटर सोडून दिली, ४०० मीटरचा सराव केला, आणि ११ जुलैला ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं. पदक मिळालं म्हणून निर्णय बरोबर ठरला, असा हिशेब त्याने कधी मांडला नाही. पुढच्याच वर्षी तो मिशनरी म्हणून चीनला गेला आणि १९४५ मध्ये तिथल्याच जपानी छावणीत वारला. त्याचा रविवार पॅरिसच्या कितीतरी आधी ठरलेला होता, म्हणून देशाच्या दबावापुढेही तो डगमगला नाही.

पैशाबाबत जॉन वेस्ली या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने असंच एक उदाहरण दिलं आहे. ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाची कमाई वर्षाला ३० पौंड होती. तो २८ पौंडांत भागवी आणि २ पौंड दान करी. पुढे कमाई ६०, मग ९०, मग १२० पौंड झाली, तरी खर्च २८ वरच राहिला आणि उरलेलं सगळं गरिबांना गेलं. तो तरुण स्वतः वेस्लीच होता, असं मानलं जातं. गरजेची मर्यादा आधी आखली होती, म्हणून पगारवाढीच्या दिवशी नवा मोह उभा राहायला जागाच उरली नाही.

छोट्या व्यवहारांतून घडणारी सदसद्विवेकबुद्धी

मोठ्या प्रसंगी देव आठवणं सोपं असतं. खरी परीक्षा दुकानात, कचेरीत, ताटावर होते. अठराव्या शतकातला जॉन वूलमन हा याचा विलक्षण नमुना आहे. तो न्यू जर्सीतला, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा शिंपी. तरुणपणी एका दुकानात कारकुनी करत असताना मालकाने त्याला एका गुलाम स्त्रीचं विक्रीपत्र लिहायला सांगितलं. गिऱ्हाईक ताटकळत होतं, मालकाचा हुकूम होता. त्याने ते लिहिलं, पण गुलामगिरी ख्रिस्ती धर्माशी जुळत नाही, असं दोघांसमोर बोलून दाखवलं. पुढच्या वेळी असाच कागद लिहायचं त्याने साफ नाकारलं.

तिथून एकेक गोष्ट त्याच्या नजरेत येत गेली. स्वतःचं दुकान इतकं वाढलं की प्रार्थनेला उसंत मिळेना, तेव्हा त्याने ते आवरलं आणि शिवणकामावर गुजराण केली. गुलामांच्या श्रमातून येते म्हणून साखर सोडली, रंगवलेले कपडेही सोडले. गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरी जाऊन तो नम्रपणे बोलत राहिला. १५ वर्षं, २० वर्षं हे चाललं. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकरांच्या वार्षिक सभेने गुलामांच्या खरेदी-विक्रीविरुद्ध पाऊल उचललं आणि १७७६ मध्ये सभासदांना गुलाम बाळगण्याची पूर्ण बंदी केली. वूलमन त्याआधीच, १७७२ मध्ये, इंग्लंडमध्ये देवी येऊन वारला होता.

अशी नजर रोजच्या सवयीने येते. त्यासाठी इग्नेशियसने दिलेली उजळणी आजही जगभर केली जाते. तिच्या पाच पायऱ्या आहेत: दिवसाबद्दल देवाचे आभार मानायचे, स्वतःला नीट बघता यावं म्हणून प्रकाश मागायचा, सकाळपासूनचा दिवस तासातासाने आठवायचा, जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची, आणि उद्यासाठी एक निश्चय करायचा. पंधरा मिनिटं पुरतात. काही आठवडे हे केलं की कुठल्या माणसासमोर जीभ घसरते, कुठल्या कामानंतर मन हलकं होतं, हे दिसू लागतं. मोठा निर्णय समोर येतो तेव्हा हीच माहिती हाताशी लागते.

एकट्याचा आवाज पुरत नाही

‘देवाने मला सांगितलं’ हे वाक्य फार जड असतं. ते म्हटलं की समोरचा गप्प होतो. याच वाक्याच्या आडून बायकांवर, मुलांवर, मंडळीतल्या दुबळ्या माणसांवर किती अन्याय झाले असतील! म्हणून प्रौढ परंपरा एकट्याच्या खात्रीवर थांबत नाही. निर्णय शास्त्राच्या शिकवणीशी जुळतो का, त्यातून प्रेम वाढतं का, आणि हिताची जाण असलेली इतर प्रार्थनाशील माणसं काय म्हणतात, हे तपासलं जातं. क्वेकरांमध्ये लग्नासारख्या निर्णयाआधी काही सभासद त्या व्यक्तीसोबत बसतात. सल्ला देण्याऐवजी ते प्रश्न विचारतात आणि शांतपणे थांबतात.

इग्नेशियस आणि त्याच्या सोबत्यांनी १५३९ मध्ये रोममध्ये हेच सामूहिकपणे केलं. आपल्यातल्याच एकाच्या आज्ञेत राहायचं का, हा प्रश्न सुटेना. मग त्यांनी ठरवलं: आधी प्रत्येकाने एकट्याने प्रार्थना करायची, एकमेकांशी त्यावर बोलायचं नाही, आणि आपण या गटाचे नाहीच अशा परक्याच्या नजरेने विचार करायचा. नंतर एक दिवस सगळ्यांनी फक्त विरोधातली कारणं मांडायची, दुसऱ्या दिवशी फक्त बाजूची. कुणाला कुणाचं खोडून काढण्याची सोयच उरली नाही. सुमारे तीन महिन्यांनी, २४ जूनला, ते एकमतावर आले आणि त्यातून जेझुइट संघ उभा राहिला.

चौकट: थोडक्यात
• दोन्ही पर्याय चांगले असतील तेव्हाच ही रीत वापरायची. वाईट गोष्ट निवडीलाच घ्यायची नाही.
• आपला कल आधी ओळखायचा आणि तो बाजूला ठेवता यावा म्हणून प्रार्थना करायची.
• फायदे-तोटे लिहायचे, परक्याला काय सल्ला दिला असता ते विचारायचं.
• विचार सरल्यावर मनात काय उरतं ते काही दिवस पाहायचं.
• मन खिन्न असताना आधीचा निश्चय बदलायचा नाही.
• निर्णय जाणत्या माणसांसमोर ठेवायचा आणि पुन्हा प्रार्थनेत देवापुढे मांडायचा.

किंमत कोण मोजतं?

एवढं करूनही एक प्रश्न उरतो, आणि तो मराठी वाचकाला परका नाही. एकाने देवाला पहिली जागा दिली की तिची किंमत पुष्कळदा दुसऱ्याला मोजावी लागते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या दृष्टीने तो सत्याचा शोध होता, आणि त्यासाठी त्यांनी प्रतिष्ठा, नाती, सगळं पणाला लावलं. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवऱ्यापासून ताटातूट, लोकांचे टोमणे आणि पदरी मूल, हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी ते दुःख लपवलेलं नाही.

पुढे दोघं एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाई लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांचं सोवळं चालूच राहिलं. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत होता. त्याचं उत्तर त्यांना स्वतःच्या विचारातून मिळालं, आणि मगच त्यांनी कुणाच्याही हातचं खायला सुरुवात केली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या निर्णयाने ही वाट त्यांच्यासमोर आणली होती, पण चालणं त्यांचं त्यांनाच करावं लागलं. म्हणून घरातल्या कुणी देवासाठी काही ठरवलं, तर उरलेल्यांनाही तोच अवधी, तीच प्रार्थना आणि नकाराचा तोच हक्क मिळाला पाहिजे.